एकुलता एक नसल्यास प्राधान्य

माझ्या क्रेडिट कार्डाला आमच्या घरात कार्ड असं कुणीच म्हणायचं नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याला 'पट्टी' म्हणायचे. आई 'तुझं ते उधारीचं' म्हणायची, आणि म्हणताना तोंड असं करायची की मी जणू मटक्याचा अड्डाच काढलाय. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. बँकेचा एक टाय लावलेला मुलगा आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये येऊन बसला आणि आमची जेवणं उरकायच्या आत निम्म्या लोकांच्या सह्या घेऊन गेला. मीही केली. फुकट ते पौष्टिक.

कंपनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. 'पंचतारांकित' ऐकून आईनं पहिल्या दिवशी मला काठापदराची साडी नेसायला लावली होती. तिथं माझं काम क्वालिटीचं. दिवसभर लोखंडाचे सुटे भाग मापाला लावायचे, बरे निघाले तर पास, नाही तर नापास. मला नापास करायला फार आवडायचं. स्वभावच तसला आहे, आता काय करणार!

तर एकदा कार्डाचं बिल आलं. त्यात स्कूटरचं पेट्रोल माझं, आईच्या चष्म्याची काच माझी, आणि त्याखाली एक ओळ होती ती काही केल्या माझी नव्हती. इंग्रजी अक्षरांचा एक गिचमिड गठ्ठा, मध्ये एक चांदणी, पुढं आकडे आणि शेवटी परदेशातल्या कुठल्याशा गावाचं नाव. मी आयुष्यात बेळगावच्या पुढं गेलेली नव्हते. रक्कम काही फार मोठी नव्हती, पण न विचारता गेलेला रुपयासुद्धा मला काट्यासारखा बोचतो.

मी स्वयंपाकघरात उभी राहून ओरडले, "माझं पैसं कुणाच्या बापानं खाल्लं हे?"

आप्पा चहा पीत बसले होते. त्यांना असा ठसका लागला की आईला पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. डोळे पुसत ते म्हणाले, "असंल काहीतरी. टॅक्स-बिक्स असंल. सरकारचं काय खरं न्हाय." सरकारवर ढकललं की आमच्याकडं विषय संपतो. त्या दिवशी माझाही संपला.

पुढच्या महिन्यात तीच ओळ परत हजर! तीच चांदणी, तेच गाव. कंपनीत ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं निदान. एकजण म्हणाला, परदेशी टोळी आहे. दुसरा म्हणाला, पेट्रोल पंपावर कार्ड घासताना नंबर चोरतात. आमचे साहेब म्हणाले, "तुम्ही रात्री कसल्या वेबसाइट बघता का?" त्यांचं मोजमाप मी तिथल्या तिथं करून टाकलं, नापास.

शेवटी बँकेच्या फोनवर भांडायला बसले. मराठीसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा, असं दाबून दाबून बोट दुखल्यावर एक बाई आली, आणि ती इतकी गोड बोलायला लागली की भांडणाची सगळी तयारी वाया गेली. ती म्हणाली, "मॅडम, बिलावर दुकानाची पाटी दिसत नाही. दुकान ज्या कंपनीचं, तिचं नाव दिसतं. म्हणून ओळखू येत नाही. ही नोकरीच्या जाहिराती लावणारी वेबसाइट आहे. एकदा कार्ड दिलं, की आपण बंद करा म्हणेपर्यंत दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात."

"पण मला नोकरी हाय की! मी कशाला शोधू?"

"शोधणाऱ्याला फुकट असतं, मॅडम. पैसे नोकरी देणारा भरतो."

नोकरी देणारी? मी? मला तर घरात साधी भांडीवाली ठेवायची परवानगी नव्हती.

"तक्रार नोंदवते मी," बाई म्हणाली, "पण त्याआधी एकदा घरात विचारून बघा. बऱ्याचदा घरातलंच कुणीतरी निघतं."

आमच्या घरात आम्ही तिघं. आई, जिला टीव्हीचा रिमोट उलटा धरला तरी कळत नाही. आप्पा, जे कॅल्क्युलेटरची बटणं स्क्रू-ड्रायव्हरनं दाबतात. आणि मी. फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मामा! आईचा भाऊ, कोल्हापुरात राजारामपुरीत नेट कॅफे चालवणारा. तिरुपतीचं तिकीट काढायचं म्हणून माझं कार्ड एक दिवस घेऊन गेलेला. तिकीट मिळालं नाही, असं सांगत परत आलेला. बालाजीला मध्ये घालून ह्यानं मला चक्क मामा बनवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. रजा टाकली आणि कॅफेवर गेले, तर शटर निम्मं खाली. शेजारचा चहावाला म्हणाला, "ते उद्यमनगरात गेल्यात की. तुमच्या आप्पांकडं. दर शनवारी मुलाखती असत्यात न्हवं!"

मुलाखती. दर शनिवारी. आणि मला पत्ता नाही.

इथं आप्पांच्या कारखान्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. उद्यमनगरात त्यांचं मशीन शॉप होतं. फौंड्रीतून इंजिनाची ओतीव कास्टिंग यायची आणि आमच्या लेथवर ती तासून गुळगुळीत व्हायची. मी लहानपणी सुट्टी तिथंच काढलेली. मला बाहुली कधी आणलेली आठवत नाही, पण छोटी हातोडी होती. आप्पा कास्टिंग उचलून धरायचे आणि म्हणायचे, "मार." मी टिचकी मारायची. चांगलं कास्टिंग घंटेसारखं वाजतं. आत चीर असली की बद्द. शाळेत पाढे पाठ व्हायच्या आधी मला ते दोन आवाज पाठ झाले. त्यापायीच मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन आप्पांपुढं उभी राहिले आणि म्हटलं, उद्यापासून कारखान्यावर येते. आप्पांनी पेढा तोंडात टाकला. "उद्यमनगर बायकांची जागा न्हाय," म्हणाले, आणि दुसरा पेढा घेतला. म्हणून मी कागलला गेले, लोकांचं लोखंड तपासायला.

आता आप्पांचे गुडघे गेले होते. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, की येणारं प्रत्येक गिऱ्हाईक प्रसाद तोंडात टाकत विचारायचं, "आप्पा, तुमच्या मागं कोण?" आप्पा वर बघून हात जोडायचे. प्रसादाचं ताट माझ्याच हातात असायचं. ते एक ताट मी कितीदा कुणाच्या तरी टाळक्यात घालता घालता राहिले, ते माझं मला माहीत.

असो. तर त्या शनिवारी मी कारखान्यात शिरले आणि ऑफिसच्या दारात थबकले. ऑफिस म्हणजे प्लायवूडचं एक खोकं. त्यात खुर्चीवर एक इस्त्री केलेला तरुण बसला होता, मांडीवर सर्टिफिकेटांची फाईल आणि हातात कांदेपोह्यांची बशी. पोहे आमच्या घरचे. वर आईच्या हातची ओल्या खोबऱ्याची नक्षी. समोर आप्पा. बाजूला मामा, कानाला पेन लावून.

आप्पा विचारत होते, "ऊस कुठल्या कारखान्याला घालता?"

तरुण गोंधळला. "सर, मी सीएनसी मशीनवर दोन वर्षं..."

"ते हाय की फाईलीत. शेती किती हाय? भावाभावांत वाटणी झाल्या का अजून एकत्रच? लिंगायतच न्हवं? गळ्यात लिंग असतंय? का कपाटात ठेवलंय?"

"आणि पोहे आवडले का?" मामानं मधेच विचारलं, आणि उत्तर लिहून घेतलं.

मी आत गेले. आप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो बिचारा पोरगा मात्र ताडकन उठला आणि मला एचआर समजून फाईल पुढं केली. "मॅडम, मी निपाणीहून आलोय. पगाराचं अजून कुणी बोललं नाही." त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला त्याच्यावर ओरडताच येईना. त्याला म्हटलं, "पोहं खा तुम्ही, आलोच," आणि मामाच्या मनगटाला धरून त्याला लेथच्या मागं नेलं.

मामा काही फार वेळ टिकला नाही. मशीनच्या आवाजात माझ्या कानाशी तोंड आणून सगळं ओकला. आप्पांना जावई हवा होता, आणि कारखान्याला मालक. दोन्ही एकाच माणसात बसवले की खर्च वाचतो. वधूवर मंडळात सगळे खोटं लिहितात, पगार फुगवतात, उंची वाढवतात. पण नोकरीच्या अर्जात? "अर्जात मानूस खरं लिवतंय गं. पगाराची स्लिप जोडतंय. जुन्या मालकाचा फोन नंबर देतंय. स्थळाची एवढी चौकशी आपल्या बापजन्मात झालती का?" मामाचे डोळे चमकत होते. त्याला खरोखरच वाटत होतं की त्यानं मोठा शोध लावलाय.

"आणि पैसे माझ्या कार्डातनं?"

"एकदाच कापतंय वाटलं मला," मामा म्हणाला. "दर महिन्याला चावतंय, हे कुठं म्हाईत हुतं!"

म्हणजे माझ्याच पैशानं, मला न सांगता, दोन महिने माझ्यासाठी स्थळं येत होती. पोहे खाऊन जात होती. मला हसूही यायला लागलं आणि मामाच्या डोक्यात स्पॅनर घालावासाही वाटला. मी म्हटलं, जाहिरात दाखव. मामानं खिशातून घडी केलेला कागद काढला. इंग्रजी मामाचंच होतं, त्यामुळं आधी त्याचं मनातल्या मनात मराठी करून मग समजून घ्यावं लागलं. प्रॉडक्शन इनचार्ज पाहिजे. अविवाहित. शाकाहारी. निर्व्यसनी. उंची साडेपाच फूट. एकुलता एक नसल्यास प्राधान्य.

"हे शेवटचं काय?"

"घरजावई व्हायला नको व्हय? एकुलतं पोरगं त्येची आई सोडंल का?"

मी हसत हसत पुढं वाचलं आणि हसू तिथंच थांबलं. खाली दोन ओळी होत्या. 'मालकांच्या हाताखाली सर्व काम शिकवले जाईल. पुढे संपूर्ण कारखान्याची जबाबदारी विश्वासाने सोपवली जाईल.'

विश्वासाने. मला फार लागलं ते. नवरा शोधला याचं मला काही विशेष वाटलं नव्हतं, आईबाप ते करतातच. पण मी पेढे हातात घेऊन जे मागितलं होतं, अगदी तेच, ते निपाणीच्या, सांगलीच्या, कुठल्याही अनोळखी पोराला द्यायला निघाले होते, आणि त्याचा पत्ता मला बँकेच्या बिलावरून लागत होता. मी आप्पांशी न बोलता घरी आले. मी न बोलणं म्हणजे आमच्या घरात भूकंपाच्या आधीची शांतता. आईनं दोनदा कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

जाहिरात बंद करणं सोपं होतं. बँकेच्या गोड बाईला एक फोन केला असता की झालं. केला नाही. सोमवारी कंपनीतल्या कॉम्प्युटरवर बसले, ती वेबसाइट उघडली आणि अर्ज केला. नोकरी शोधणाऱ्याला फुकटच होतं.

दुपारी मामाचा फोन आला. आवाज कापत होता. "अगं, हे काय करून ठेवलंस?"

"अर्ज हाय. बाकीच्यांना बोलावतोस तसं बोलव."

"दाजी मला जित्ता सोडायचं न्हाईत!"

"मग तिरुपतीच्या तिकिटाचं मी आईला सांगतो," मी म्हटलं. आई सीमाभागातली. तिला राग आला की मराठी सरते आणि कानडी सुरू होते, आणि त्या कानडीपुढं मामा लहानपणापासून चळाचळा कापतो. दुपार कलायच्या आत मला मुलाखतीचं बोलावणं आलं.

शनिवारी सकाळी आई पोह्यांचा डबा भरत होती. मी कागलला न जाता फाईल घेऊन निघालेली तिनं पाहिली. आत गेली, वाटी घेऊन आली आणि माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली, परीक्षेला जाताना ठेवायची तशी. मग डबाही माझ्याच हातात दिला. "नीट उत्तरं दे," म्हणाली. मामा तिला आधीच सगळं बोललेला होता. ह्या मामाच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.

ऑफिसबाहेरच्या बाकावर मी रांगेत बसले. शेजारी तोच निपाणीचा पोरगा. त्याला दुसऱ्या फेरीला बोलावलं होतं, बहुतेक पोहे आवडले म्हणाला असावा. मला बघून दचकला. "मॅडम, तुम्हीपण?" मी त्याला सांगितलं, कागलला आमच्या कंपनीत क्वालिटीची एक जागा रिकामी व्हायची आहे, सोमवारी येऊन अर्ज दे. "कुणाची जागा?" त्यानं विचारलं. "माझी," म्हटलं. म्हणून बसले आणि मग मनात आलं. आत नाही म्हणाले तर?

"पुढचं कोन हाय, पाठवा!" आप्पांचा आवाज आला.

मी आत गेले. आप्पांनी वर न बघताच म्हटलं, "डबा आणलास व्हय? ठेव तिकडं."

डबा ठेवला आणि त्याच्या शेजारी अर्ज ठेवला. "मुलाखतीला आलोय." आमच्या कोल्हापूरच्या बायका आलो-गेलोच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. मामा छताचा पंखा बघायला लागला.

आप्पांनी अर्ज वाचला. कान लाल झाले. आता ओरडतील म्हणून मी दातावर दात दाबून उभी राहिले. बाहेर लेथ एकेक करून बंद होत होते. सगळे कामगार प्लायवूडला कान लावून बसलेले मला न बघताही कळत होते. पण मुलाखतीला आलेल्या पावण्याला पोहे न देता उठवायचं नाही, हा नियम आप्पांचाच. त्यांनी चष्मा चढवला. खुर्चीकडं बोट केलं.

"बसा."

जन्मात पहिल्यांदा आप्पा मला 'बसा' म्हणाले. मी बसले.

"शिक्षण?"

"फी तुम्हीच भरलीया."

"शाकाहारी?"

"व्हय."

"व्यसन?"

"चहा. आणि भांडण."

मामा खोकला. आप्पांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. "उंची पाच फूट एक लिहिलीया. आम्हाला साडेपाच पायजे."

"लेथ तेवढा उंच न्हाय. मी मोजलाय."

"ऊस कुठल्या कारखान्याला..." सवयीनं आप्पांच्या तोंडून गेलं आणि ते थांबले.

"तुमचा जातोय तिथंच."

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पांनी जाहिरातीच्या कागदावर पुढची ओळ बघितली. बघतच राहिले. ती काही वाचेनात.

"विचारा की," मी म्हटलं. "एकुलता एक नसल्यास प्राधान्य. मी एकुलती हाय, आप्पा. बाकी सगळं शिकून घेईन, पण ह्याला माझ्याकडं इलाज न्हाय." रागात असले की मी बरी बोलते. त्या दिवशी नेमका तो राग आयत्या वेळी पळून गेला आणि आवाज फाटला. मला फार लाज वाटली.

आप्पा गुडघ्यावर हात देत उठले. कोपऱ्यातून दोन कास्टिंग आणली आणि टेबलावर ठेवली, शेजारी हातोडी ठेवली. "सगळ्यांना हेच विचारलंय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "ह्यातलं चांगलं कुठलं?"

मी डावं उचलून टिचकी मारली. मग उजवं. मग परत डावं.

"डावं म्हणालेत निम्मी," मामा पुटपुटला. "निम्मी उजवं."

"दोन्ही नापास," मी म्हटलं. "ह्यात बुडाशी चीर हाय. त्यातली कडंला हाय, बारीक, पण हाय. चांगलं एकबी न्हाय."

आप्पांनी माझ्या हातातून हातोडी घेतली आणि स्वतः दोन्हींवर एकेक टिचकी मारली. त्यांना काय माहीत नव्हतं होय? तरी मारली, आणि तो बद्द आवाज विरेपर्यंत हातोडी हातात धरून उभे राहिले. मग खाली बसले, डबा उघडला, बशीत पोहे काढले आणि बशी माझ्यापुढं सरकवली.

"खा."

मी बशी उचलली. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मामाला म्हणाले, "काढून टाक ती जाहिरात. मानूस गावलं."

मामानं पेन कानावरून काढलं, जाहिरातीचा कागद पुढं ओढला आणि त्याच्यातला मुलाखत घेणारा काही केल्या गप्प बसेना. "पण दाजी, अटीचं काय? हे तर एकुलतं एक हाय."

"हाय," आप्पा म्हणाले. "असू दे की."